बांधावरून दिसणारी आगगाडी



या वेळी बोंडअळी नाही, खताची मात्रा नाही आणि बीजप्रक्रियाही नाही. ते सारे पुढच्या अंकांत आहेच. आज विषय आहे आगगाडीचा फोटो कुठून काढावा हा. हसू नका. ज्यांच्या घरात पंधरा ते पंचवीस वयाचे पोर आहे आणि त्या पोराच्या हातात मोबाईल आहे, त्यांनी तर हे पान घरात मोठ्याने वाचून दाखवावे.

आमच्या परळी तालुक्यातल्या एका गावी शेतीशाळा संपली, माणसे पांगली, आणि एक बाई मागे थांबल्या. म्हणाल्या, "साहेब, पिकाचं तुम्ही सांगितलं ते कळलं. आता आमच्या पोराचं सांगा. सुट्टी आली की परळीकडं जातंय अन् रुळावर उभं राहून गाडीचे फोटू काढतंय. त्याचे वडील मोबाईल फोडायला निघालेत."

मी त्यांना सांगितले ते तुम्हालाही सांगतो. मोबाईल फोडून हा नाद सुटत नाही, पोरगा मित्राचा मोबाईल घेऊन जातो. आणि नाद तसा वाईटही नाही. आगगाडी पाहून ज्याचे पाय थांबत नाहीत असा माणूस मला अजून भेटायचा आहे. वाईट आहे ती जागा. जागा बदलली की धोका जातो आणि फोटोही चांगला येतो. मी फिरतीच्या नोकरीतला माणूस, सिरसाळ्याहून चारी दिशांना गावे केली, आणि जाता-येता गाडी दिसली की मोटारसायकल बाजूला लावायची माझी जुनी खोड आहे. त्यामुळे काही जागा ठाऊक झाल्या आहेत. त्या सगळ्या शेताच्या बांधावर, नदीच्या काठावर नाही तर टेकडीच्या अंगावर आहेत. रुळावरची एकही नाही.

आधी रुळाचे सांगून टाकतो, म्हणजे पुढचे मोकळ्या मनाने बोलता येईल.

रुळाच्या मधोमध उभे राहून समोरून येणाऱ्या गाडीकडे पाहिले, तर तिचा वेग कळत नाही. आडवी जाणारी गाडी किती जोरात जाते ते डोळ्याला समजते. सरळ अंगावर येणारी गाडी बराच वेळ जागच्या जागी उभी असल्यासारखी भासते आणि मग एकाएकी मोठी होते. ताशी शंभर किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ अठ्ठावीस मीटर कापते. म्हणजे अर्धा किलोमीटर लांब दिसणारे इंजिन अठरा सेकंदांत तुमच्यापाशी. चालकाने तुम्हाला पाहून ब्रेक लावला तरी भरलेल्या गाडीला थांबायला एक किलोमीटरच्या आसपास लागते. तो बिचारा भोंगा वाजवण्यापलीकडे काही करू शकत नाही. त्यात आता आपल्याकडच्या मार्गांवर विजेची इंजिने धावू लागली आहेत. डिझेलचे इंजिन लांबूनच घरघरत येई, रानात काम करणाऱ्या बाईलाही कळे. विजेचे इंजिन त्यामानाने गुपचूप येते, आणि वारा उलटा असेल तर काहीच ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट तारेची. आपल्या गावच्या डी.पी.वर येणारी लाईन अकरा हजार व्होल्टची असते आणि तिच्याजवळ आपण ओला बांबू नेत नाही. रेल्वेच्या वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात. तिला हात लावावा लागत नाही, माणूस जवळ गेला तरी वीज अंगावर उडी घेते. उभ्या मालगाडीच्या डब्यावर चढून फोटो काढायला गेलेली पोरे अशीच जळाली आहेत, आणि अशा बातम्या देशभरातून येतात. गाडी उभी आहे, इंजिनही लावलेले नाही, मग काय होणार, असे त्यांना वाटते. इंजिन असो वा नसो, तार जिवंतच असते. उड्डाणपुलावर उभे राहून मोबाईलची लांब काठी खाली सोडणेही त्याच माळेतले.

आणि तिसरी गोष्ट कायद्याची. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोकरीच्या वाटेवर असलेल्या पोराच्या नावावर असला गुन्हा कशाला हवा?

झाले. आता जागा.

सिरसाळ्याहून परळी विसेक किलोमीटर. परळी वैजनाथ हे स्टेशन निजामाच्या रेल्वेच्या काळापासूनचे. ज्योतिर्लिंगाच्या यात्रेकरूंनी आणि हैदराबादकडे जाणाऱ्या माणसांनी ते भरलेले असते. तिथून एक वाट गंगाखेडवरून परभणीकडे जाते आणि दुसरी घाटनांदूरवरून लातूर रोडकडे. स्टेशनातला फोटो सगळेच काढतात. फलाट तिकीट घ्यावे, पिवळ्या रेषेच्या आत राहावे, आणि रेल्वेच्या माणसाने मोबाईल ठेवा म्हटले तर वाद न घालता ठेवावा. त्यात मला फारसे गोड वाटत नाही. गोड आहे ते परळी सोडल्यावर.

परळी ते गंगाखेड या पट्ट्यात उखळी, वडगाव निळा अशी लहान स्टेशने आहेत. इथे रूळ साधारण पूर्व-पश्चिम पडले आहेत. आता शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको, की हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. म्हणून कार्तिकापासून माघापर्यंत रुळाच्या दक्षिणेच्या अंगाला, दोन-तीन शेते सोडून बांधावर उभे राहिलात, तर जवळजवळ सारा दिवस ऊन तुमच्या पाठीशी आणि गाडीच्या अंगावर. उत्तरेच्या बाजूला उभे राहाल तर गाडी काळी आणि आभाळ पांढरेफटक येईल. पुष्कळ पोरे मला फोटो दाखवतात आणि म्हणतात, मोबाईलच हलका आहे. मोबाईलचा दोष नसतो, बाजू चुकलेली असते. उन्हाळ्यात मात्र याच जागेला अर्थ राहत नाही. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्याला दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि त्या वेळचा फोटो भाजलेल्या पापडासारखा निघतो. त्या दिवसांत सकाळी आठच्या आत, नाही तर संध्याकाळी पाचनंतर.

पिकाचाही हिशेब ठेवा. हा हिशेब शहरातल्या फोटोवाल्याला येत नाही, तुम्हाला येतो. सोयाबीन गुडघ्याएवढे असते, त्याच्यावरून गाडी पुरती दिसते, आणि श्रावणात हिरव्या रानातून निळे डबे जाताना जो फोटो येतो त्याला तोड नाही. उसाच्या फडाआडून नुसती वरची तार दिसेल. ज्वारी निसवली की इंजिनाचे डोके तेवढे वर राहते. तेही चांगले दिसते, पण ज्वारीत शिरून नव्हे. हरभरा बुटका, त्याची अडचण नाही. तूर फुलात असताना बांधाच्या कडेची एक ओळ पुढे धरावी. आणि ज्यांच्याकडे अजून करडई आहे त्यांनी पौष-माघात तिच्या पिवळ्या फुलांमागून जाणारी गाडी एकदा तरी टिपावी. करडईचे क्षेत्र आपल्याकडे किती घटले आहे हे मी वेगळे लिहीनच, तोवर हा फोटो काढून ठेवा.

याच मार्गावर परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या कोळशाच्या गाड्या दिसतात. केंद्रातला पहिला संच १९७१ साली सुरू झाला. जुने संच आता बंद आहेत, आणि अलीकडचे अडीचशे मेगावॉटचे संच आहेत. एका कोळशाच्या गाडीला अठ्ठावन्न-एकोणसाठ डबे असतात आणि तिच्यात साडेतीन-चार हजार टन कोळसा येतो. बैलगाडीने कडबा वाहणाऱ्या माणसाने एकदा हिशेब करून पाहावा. एवढी लांब गाडी जवळून फोटोत मावत नाही. ती दूरच्या बांधावरूनच मावते, इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत, आणि मागे बालाघाटाचे डोंगर. माझ्याजवळच्या चांगल्या फोटोंत हा एक आहे आणि तो मी रुळापासून तीनशे मीटरवर काढला. एक लक्षात ठेवा, केंद्राच्या आवारात किंवा कोळसा उतरवतात तिथे मोबाईल काढून उभे राहू नका, तिथे मनाई असते. २०१३ साली पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले होते. केंद्र बंद तर कोळशाची गाडी कशाला येईल? मला त्यामुळे कोळशाची गाडी जाताना दिसली की धरणात पाणी बरे दिसते असे उगीच वाटून जाते.

गंगाखेडला गोदावरीवर रेल्वेचा पूल आहे. जनाबाईचे गाव म्हणून आपण तिथे जातोच, तर थोडे वाकडे जाऊन नदीकाठावरून हा पूल पाहावा. इथे रूळ दक्षिण-उत्तर आहेत, म्हणून बाजू उलटते. सकाळी पुलाच्या पूर्वेला उभे राहावे, संध्याकाळी पश्चिमेला. थंडीच्या दिवसांत पहाटे नदीवर धुके असते, आणि सूर्य हातभर वर येईतो ते विरत जाते. त्या अर्ध्या तासात गाडी आली तर पूल अर्धा दिसतो, अर्धा दिसत नाही, आणि डबे पाण्यावरून चालल्यासारखे वाटतात. गाडी येईलच असे नाही. मी तीन हिवाळे गेलो, तेव्हा एकदा जमले. पुलावर चालत जाणे हा वेडेपणा आहे. मधे गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नाही. पावसाळ्यात पात्रात उतरू नका. आपल्याकडे थेंब पडलेला नसतो, पण वर जायकवाडीचे किंवा माजलगावचे दरवाजे उघडलेले असतात आणि पाणी वाढत येते. काठावरच्या घाटाच्या वरच्या पायरीवरून सगळे दिसते.

त्याच्याही पुढे परभणीच्या वाटेवर पोखर्णी नृसिंहाचे स्टेशन आहे. दर्शनाला येणारी माणसे, हातात नारळ, कडेवर पोरे, गाडी थांबते तेव्हा उडणारी त्रेधा. तिथे गाडीपेक्षा माणसांचा फोटो काढावा, आणि बायामाणसांचा काढण्याआधी विचारावे.

माझी सगळ्यांत आवडती जागा मात्र दुसऱ्या वाटेवर, परळी ते घाटनांदूरच्या चढावर आहे. परळी बालाघाटाच्या पायथ्याशी आणि घाटनांदूर वर पठारावर. गाडीला हा चढ चढावा लागतो, त्यासाठी ती वळणे घेत जाते. दोन्ही स्टेशनांच्या पिवळ्या पाट्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती मुलांना वजा करायला सांगा म्हणजे चढ किती ते त्यांना कळेल. चढावर आणि वळणावर गाडी हळू असते. मोबाईलवर फोटो काढणाऱ्याला याचा फार उपयोग, कारण धावत्या गाडीचा फोटो पुसट येतो तो इथे येत नाही. आणि वळणावर गाडी कमानीसारखी वाकते, म्हणजे इंजिनही दिसते आणि मागचे डबेही. डोंगराच्या अंगावर, रुळापासून चांगले लांब, गुरे चारणारी माणसे जिथे सावलीला बसतात अशा जागा शोधा. त्यांनाच विचारा. गाडी कोणत्या वेळेला येते हे वेळापत्रकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असते, कारण वेळापत्रकात उशीर छापत नाहीत. एका गुराख्याने मला गाडी यायच्या आधी पाच मिनिटे सांगितले, "आता उठा." मी विचारले कसे कळले, तर म्हणाला, "म्हशी बघा की." म्हशींनी माना वळवल्या होत्या.

आश्विनापर्यंत तो डोंगर हिरवा असतो, पुढे पिवळा पडतो, आणि फाल्गुनात पळस फुलतात. पळसाच्या दिवसांत एकदा जाच. गवतात बसताना मात्र आधी काठी आपटावी. घोणस अशाच ठिकाणी असते, आणि फोटोच्या नादात माणूस खाली बघत नाही.

पुढे पानगावकडचा भाग सपाट आहे, तिथे मला विशेष सापडले नाही.

आता दुसऱ्याच्या रानात जाण्याविषयी. आपण शेतकरी, आपल्याला हे सांगावे लागू नये, पण सांगतो. पाळी घातलेल्या, नुकते पेरलेल्या, भिजवलेल्या रानातून जाऊ नये. मालक दिसला तर रामराम घालावा आणि कशाला आलो ते सांगावे. नाही दिसला तर बांध सोडू नये. आजकाल शहरातून कॅमेरे घेऊन तरुण मंडळी येतात, त्यांतली बहुतेक भली असतात, पण त्यांना उगवलेली ज्वारी आणि गवत यांतला फरक कळत नाही. असे कोणी तुमच्या रानात दिसले तर ओरडण्याआधी बांधावरून वाट दाखवा. एकदा वाट कळली की ते पुढच्या वेळी तिथूनच येतात.

रानातल्या आगगाडीचा आपल्या देशातला सर्वांत नामांकित देखावा सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली' या १९५५ च्या बंगाली चित्रपटात आहे. लहान बहीण-भाऊ पांढऱ्या तुऱ्यांच्या उंच गवतातून आगगाडी पाहायला पळत जातात. तसले गवत आपल्याकडेही पावसाळा सरताना ओढ्याकाठी फुलते. राय यांनी एका दिवशी अर्धे चित्रण केले आणि आठवड्याने उरलेले करायला ते परत गेले, तर तुरे गायब. मधल्या दिवसांत गुरांनी ते खाऊन टाकले होते! पुढच्या वर्षी गवत पुन्हा फुलेपर्यंत त्यांना थांबावे लागले. गुराढोरांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला यात नवल नाही, पण धडा घेण्याजोगा आहे. रान आज जसे दिसते तसे पुढच्या आठवड्याला दिसेलच असे नाही. करडई फुललेली दिसली तर उद्यावर टाकू नका.

फोटो काढण्याच्या कृतीत फार काही नाही. मोबाईलची काच धोतराच्या नाही तर ओढणीच्या स्वच्छ टोकाने आधी पुसा. निम्मे फोटो काचेवरच्या तेलकट बोटांनी बिघडतात. बोटे फाकवून चित्र ओढून जवळ आणू नका, त्याने चित्र फुटते; त्यापेक्षा लांबची गाडी लहानच येऊ द्या, रान मोठे येऊ द्या. गाडी यायच्या आधी रुळाच्या रेषेवर, जिथे इंजिन यावेसे वाटते तिथे पडद्यावर बोट दाबून धरा, म्हणजे मोबाईल नजर तिथे बांधून ठेवतो. मग कोपर बाभळीला किंवा विहिरीच्या कठड्याला टेकवा आणि वाट पाहा. इंजिन चौकटीच्या मध्यात येईपर्यंत थांबू नका, शिरले की बटण दाबून ठेवा. दहा-बारा फोटो एकापाठोपाठ निघतील, त्यांतला एक ठेवा आणि बाकीचे पुसा. लोखंड आणि आभाळ यांची रेघ तिरकी नको, नाहीतर गाडी उतारावरून घसरल्यासारखी दिसते. पुरे झाले.

जाता जाता एक महत्त्वाचे. पूर्वी लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज या बाजूने अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाईट रेल्वे धावत असे. १८९७ साली ती सुरू झाली. आपल्या भागातल्या कितीतरी माणसांनी तिच्यातून पंढरीची वारी केली. रूळ रुंद होत गेले आणि २००८ पर्यंत लातूरहून कुर्डुवाडीपर्यंत मोठी गाडी आली. सोय झाली, चांगलेच झाले. पण त्या छोट्या गाडीबरोबरचा आपल्या आजोबांचा फोटो किती घरांत आहे? मी विचारत असतो. बहुधा नसतो. त्या काळी कॅमेरा नव्हता, हे कारण आहे. आज प्रत्येक घरात आहे.

आणि आपल्या जिल्ह्यात तर रूळ नव्यानेच येत आहेत. अहिल्यानगर–बीड–परळी ही २६१ किलोमीटरची लाईन, तिच्यासाठी दोन पिढ्यांनी वाट पाहिली. आष्टीला पहिली गाडी २०२२ च्या सप्टेंबरात आली. बीडला ती आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी. बीड ते वडवणी ते परळी हा तुकडा आपल्या बाजूचा. ज्यांच्या शिवारातून ही लाईन जाते, त्यांना माझे सांगणे आहे, की गाडी येईपर्यंत थांबू नका. आजचा फोटो काढा.

तो कसा काढायचा ते नीट सांगतो. पीक प्रात्यक्षिकात आपण एकाच खुणेवरून पेरणीचा, फुलोऱ्याचा आणि काढणीचा फोटो घेतो, तसे करायचे. रेल्वेच्या हद्दीबाहेरची एक न हलणारी जागा निवडा. विहिरीचा कठडा, पाण्याची टाकी, जुना आंबा. तिथे पाय ठेवायची खूण करा आणि दर महिन्याला तिथूनच, त्याच दिशेला, त्याच वेळी एक फोटो. मोकळे रान, मग मुरमाचा भराव, मग मोरी, मग खडी, रूळ, तारेचे खांब, आणि एक दिवस गाडी. चालू कामाच्या ठिकाणी डंपरच्या मधे मात्र जाऊ नका. भरावाच्या अलीकडे पावसाचे पाणी तुंबते का हेही या फोटोंत दिसेल, आणि मोरी कमी पडते म्हणून अर्ज करायची वेळ आली तर तारखेनिशी फोटो जोडता येतील. तोंडी तक्रारीपेक्षा कागदाला वजन असते.

जमीन संपादनाची नोटीस कोणत्याही कामासाठी येवो, रस्ता असो, कालवा असो की रेल्वे, संयुक्त मोजणीच्या आधी झाडे, विहीर, पाइपलाइन, गोठा यांचे फोटो काढून ठेवत जा. मोजणीच्या वेळी या सगळ्याची नोंद व्हायला हवी असते, आणि एखादे आंब्याचे झाड नोंदीतून सुटले तर ते तिथे होते हे नंतर कशाने दाखवणार? ज्यांची जमीन गेली त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने मला मोबाईलमधले चिंचेचे झाड दाखवले होते. झाड भरावाखाली गेले. नातवाने फोटो काढून ठेवला म्हणून ते निदान दिसते.

मोबाईल विहिरीत पडतो, चोरीला जातो, नाही तर बिघडतो, आणि त्याच्याबरोबर फोटोही जातात. म्हणून वर्षातून एकदा निवडक दहा फोटो तालुक्याच्या स्टुडिओतून कागदावर काढून आणा. तारीख, गावाचे नाव, गट नंबर, उभे राहायची जागा आणि रानात तेव्हा कोणते पीक होते ते लिहा. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने दाबून लिहू नका, पुढच्या बाजूला वळ उठतात. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती फोटोबरोबर पाकिटात घाला आणि पाकीट सातबाराच्या पिशवीत ठेवा.